कूलरवाल्याचं ऐका, आधी रात्र सांभाळा

मी नाशिकच्या सिडकोत कूलर-पंखे दुरुस्त करतो. त्रिमूर्ती चौकाजवळ दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. सत्तावीस उन्हाळे झाले. होळी पेटली की माझा फोन वाजायला लागतो, तो थेट मृगाच्या पावसापर्यंत. लोक बोलावतात कूलरसाठी, पण आत पाऊल टाकलं की कूलरच्या आधी घर दिसतं. खिडकी कुठल्या तोंडाला, माठ कुठे ठेवलाय, म्हातारं माणूस कुठल्या खोलीत निजतं. त्यातून जे उमगलं ते इथे लिहितोय. दर वर्षी पन्नास घरांत तेच तेच सांगून घसा सुकतो माझा.

उन्हाची लाट आली की सगळे दुपारच्या आकड्याबद्दल बोलतात. "आज एक्केचाळीस झालं म्हणे!" झालं असेल. नाशिककराला दुपार नवी नाही, आपण तरत आलो ते रात्रीवर. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवरचं गाव, हवा कोरडी, दिवस मावळला की गंगेवरून, म्हणजे आपल्या गोदावरीवरून, वारा सुटायचा आणि पहाटे चादर शोधावी लागायची. मुंबईकरांनी देवळालीला सॅनिटोरियमं उगाच नाही बांधली. लाटेत नेमकी ही रात्र हरवते. दिवसभर तापलेल्या अंगाला रात्री निवायला वेळ लागतो, काळजालाही उसंत लागते. ती मिळाली नाही की माणूस सकाळी दमलेलाच उठतो आणि तसाच पुन्हा उन्हात जातो. पहिला दिवस निभतो, दुसरा निभतो. मी आडवी झालेली माणसं पाहिली ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणून पुढे जे काही सांगतोय ते सगळं एकाच मापानं मोजा: रात्री अकराला तुमची झोपायची खोली किती गार आहे.

त्यासाठी भिंतीवर लावायचं साधं तापमापक घ्या आणि उशाशी टांगा. मोबाइलवरचं तापमान बाहेरचं असतं, तुमच्या स्लॅबखालचं नसतं. रात्री अकराला आणि पहाटे पाचला बघा. पाचलाही तीसच्या खाली येत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोपायची जागा त्याच दिवशी बदला. खालच्या मजल्यावर, शेजारी, बहिणीकडे, जिथे जमेल तिथे.

हवामान खात्याचा हिशोबही माहीत असू द्या. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेलं हवं, मग ती लाट. पारा ४५ला टेकला तर सरासरी न बघताच लाट धरतात. म्हणजे मालेगावात ४२ ही मे महिन्यातली नेहमीची दुपार असेल, पण नाशकात तेच ४२ अंगावर येतं, कारण आपल्या शरीराला आणि आपल्या घरांना त्याची सवय नाही. मालेगावचा पाहुणा "हे काय ऊन आहे का राव" म्हणाला तर हसा आणि त्याला पन्हं द्या. आणि नुसत्या आकड्यावर विसंबूही नका. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला माणसं तासन्‌तास उघड्यावर बसली आणि उष्माघातानं चौदा जण गेले. त्या दिवशी तिकडे पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. दमट हवा, डोक्यावर सावली नाही आणि उठून जाता येत नाही, एवढं पुरलं.

आधी छत

वरच्या मजल्यावरची माणसं मला सांगतात, "पंखा गरम हवा फेकतोय, रेग्युलेटर बदला." रेग्युलेटरचा काय दोष? तुमच्या डोक्यावर तवा आहे. गॅस बंद केल्यावर तवा लगेच निवतो का? सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते सावकाश खाली सोडत राहतो. म्हणून खोलीत सगळ्यात जास्त तलखी होते ती दुपारी दोनला नाही, रात्री आठ ते दहा. जुन्या नाशकातल्या वाड्यांना हा त्रास कमी होता, जाड भिंती आणि मधला चौक. ते आता गेलं, आपल्याकडे स्लॅब आहे.

स्वस्तात स्वस्त उपाय म्हणजे चुना. अहमदाबादेला २०१०च्या मे महिन्यात लाटेनं फार माणसं नेली. मग २०१३ला त्यांनी उन्हाळ्याचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरंही पांढरी करायला घेतली. आपल्याला कुणाची वाट बघायची गरज नाही, पण करायची रीत आहे. कळीचा चुना आणा. विरवायला लोखंडी पिंप किंवा घमेलं घ्या, प्लास्टिकची बादली वितळते. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, अंगावर उसळतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पोरं गच्चीच्या दाराबाहेर. हे मी दरडावून सांगतो, कारण चुन्यानं डोळा जातो. रात्रभर राहू द्या. सकाळी जुन्या धोतराच्या कापडानं गाळा, दहा लिटरला पाव किलो फेविकॉल मिसळा, ताकाइतकं पातळ ठेवा. दह्यासारखं जाड लावलं तर आठवड्यात पापुद्रे सुटतात. सूर्य उगवायच्या आत गच्ची झाडून, ओली करून पहिला हात मारा, दुसऱ्या दिवशी दुसरा. पावसाळ्यापर्यंत टिकतो. माझ्या घरी चुन्याआधी आणि चुन्यानंतर रात्री अकराच्या आकड्यात अडीच अंशांचा फरक पडला. अडीच म्हणजे किरकोळ वाटेल, पण झोप लागणं आणि न लागणं यात तेवढंच अंतर असतं.

एका सोसायटीत चेअरमन म्हणाले, गच्ची पांढरी केली तर शोभा जाते. गच्चीची शोभा बघायला कोण येतं, घारी? शेवटी वरच्या मजल्यावरच्या बायकांनी रविवारी पहाटे स्वतःच काम उरकलं. पुढच्या वर्षी चेअरमननीच चुना आणून ठेवला होता.

चुना जमत नसेल तर शेडनेट. द्राक्षाच्या रोपवाटिकेवर टाकतात तीच, शेतीच्या दुकानात मिळते. निफाड-पिंपळगावकडे कुणी नातलग असेल तर जुना तुकडा फुकट मिळून जाईल. स्लॅबला चिकटून अंथरू नका. हातभर वर ताणून बांधा, खालून वारा खेळला पाहिजे.

पत्र्याच्या घराला पांढरा ऑइलपेंट चांगला, चुना पत्र्यावर धरत नाही. आतून पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई ताणा. थर्माकोल मात्र नको. पत्र्याखालीच वायरिंग असतं, एक ठिणगी पडली की थर्माकोल पेटून थेंब थेंब खाली गळतो.

गच्चीवर पाणी मारायचंच असेल तर ऊन उतरल्यावर मारा, आणि तेही कपडे धुतलेलं. भर दुपारी गंगापूर धरणाचं पिण्याचं पाणी पाइपानं गच्चीवर सोडणारे पाहिले की माझ्या कपाळाची शीर उठते. चार गल्ल्या पलीकडे बायका टँकरपुढे हंडे लावून बसलेल्या असतात.

खिडक्यांचं दोन ओळींत सांगतो. सकाळी साडेआठ-नऊला बंद, ऊन येतं त्या बाजूला बाहेरून आडोसा, कारण पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागली की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, पहाटेपर्यंत.

कूलर कुठे ठेवायचा

इथे मी जरा लांबण लावणार आहे, पोटापाण्याचा विषय आहे.

दहातली सात घरं कूलर चुकीच्या जागी ठेवतात. खोलीच्या मधोमध, दारं-खिडक्या लावून, एसी असल्यासारखा. एसी आतलीच हवा फिरवतो. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. ती ओल्या पॅडमधून खेचली जाते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि हवा गार होते. बंद खोलीत तीच हवा पुन्हा पुन्हा ओली होत राहते. अर्ध्या तासात खोलीची मुंबई होते. अंगावरचा घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की शरीराकडे गार व्हायचा दुसरा मार्ग नसतो.

याचं भान मला एका आजींनी दिलं. चौथा मजला, पश्चिमेची बाजू, एकट्याच राहायच्या, मुलगा परगावी. लाटेचा चौथा दिवस. फोन मुलाचा आला, "आईचा कूलर हवा देत नाही, बघून या." गेलो तर चोराच्या भीतीनं सगळ्या खिडक्या बंद, कूलर पलंगाशेजारी घरघरतोय, भिंती घामेजलेल्या. कूलरमध्ये काही बिघाड नव्हता. आजी मला मुलाच्या नावानं हाक मारायला लागल्या, जेवून जा म्हणाल्या. हात धरला तर चटका बसला, आणि हात कोरडा. मी डॉक्टर नाही, पण मोटर जळायच्या आधी कशी तापते ते मला कळतं. एकशे आठला फोन लावला, खिडक्या उघडल्या, शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्यांनी ओली चादर आजींच्या अंगावर घातली, मी कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा त्यांच्यावर धरला. आजी वाचल्या. चार दिवसांनी घरी आल्यावर मला म्हणाल्या, "तू जेवला नाहीस त्या दिवशी."

तर कूलर खिडकीत बसवा, पाठ बाहेर. समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं, म्हणजे ओली हवा निघून जाईल. मेणबत्ती घेऊन त्या फटीजवळ उभे राहा. ज्योत बाहेर झुकली की बरोबर बसलं. दर मोसमाला गवताचे पॅड बदला, बोअरचं पाणी असेल तर मोसमात दोनदा, क्षार धरून ते दगड होतात. पाणी सकाळी भरा. दुपारी सिंटेक्सच्या टाकीतून येणारं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. आंघोळीची बादलीही सकाळीच भरून मोरीत ठेवा. दुपारी नळाखाली बसून पोळलेल्यांची तक्रार माझ्याकडे येते, जणू मीच गिझर लावलाय.

आता विजेचं. पत्र्याचा कूलर म्हणजे पाण्यानं भरलेला लोखंडी डबा, आणि त्यात वीज. पंपाची वायर कुठे सोलली गेली तर अख्खी बॉडी करंट मारते. तीन पिनांचा प्लग हवा आणि भिंतीतलं अर्थिंग खरं हवं. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तिसरी पिन करवतीनं कापलेली मी स्वतः पाहिलीय, घरात दोन लहान पोरं असताना. मोसमाच्या सुरुवातीला कूलर चालू करून बॉडीला टेस्टर लावा. दिवा लुकलुकला तरी बंद करा आणि माणूस बोलवा. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसा. पायात रबरी चप्पल ठेवा. जमलं तर मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, एका कूलरपेक्षा स्वस्त पडतो.

एसी घेऊ का, असं विचारतात. घ्या, परवडत असेल तर. पण दीड टनाचा एसी पंधराशे वॅटच्या आसपास खेचतो आणि कूलर दीड-दोनशे. लाइट गेली की साध्या इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी बसून राहतो. आणि लाटेत लाइट जातेच.

पंखा फसवतो

पंखा हवा गार करत नाही, फक्त घाम सुकवतो. हवा पस्तिशीच्या पुढे गेली आणि अंग कोरडं असलं, तर तो भट्टीचा भाता होतो. वय झालेल्यांना घाम कमी येतो, म्हणून त्यांना नुसत्या पंख्याखाली बसवून बाहेर जाऊ नका. हात, मान, पाय ओल्या फडक्यानं पुसा आणि मग पंखा लावा. रात्री झोपताना पातळ सुती कापड भिजवून, पिळून छातीवर घ्या. आमच्या घरी लाइट गेली की सगळे असेच निजतात, ओळीनं, बाजारात भाजी झाकून ठेवावी तसे.

पोटात काय घालायचं

चैत्रगौरीला पन्हं आणि कैरीची डाळ, अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेला माठ दान. आपल्या म्हाताऱ्यांनी उन्हाळ्याचं वेळापत्रक सणांतच बसवून ठेवलंय. पन्ह्यात मीठ विसरू नका, गुळाइतकंच ते महत्त्वाचं. ताक, नाचणीची आंबील, सगळं चांगलं. नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि मीठ गेलं नाही तर पायात गोळे येतात. दुकानातली ओआरएसची पुडी पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाबाची, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, तर किती पाणी आणि किती मीठ हे डॉक्टरांना लाट यायच्या आधीच विचारून ठेवा. गोळी मनानं बंद करू नका.

कांद्याचं राहिलं. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमचे आजोबा सांगायचे. लासलगाव आपल्या जिल्ह्यात, कांद्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण खिशातल्या कांद्याच्या भरवशावर भर दुपारी गच्चीवर चढलेला माणूस मला ठाऊक आहे. तो मीच. तीन वर्षांपूर्वी, इंदिरानगरच्या बाजूला डक्टचं काम होतं. सकाळपासून फक्त चहा झालेला. आधी डोकं ठणकलं, मग मळमळ. मला वाटलं पित्त. मग भर उन्हात थंडी वाजून अंगावर काटा आला, पान्हा हातातून दोनदा पडला. माझ्याबरोबरच्या पोरानं मला जिन्यात ओढलं, बूट काढले, डोक्यावर बाटली उपडी केली. तेव्हापासून बारा ते चार गच्चीचं काम घेत नाही. पुणेकर दुकान एक ते चार बंद ठेवतात म्हणून आपण हसतो. मे महिन्यात शहाणे तेच.

शेजारी

बिल्डिंगमध्ये लाटेआधी एक कागद करा. वरच्या मजल्यावर कोण, एकटं कोण, पडून कोण, लेकुरवाळी कोण. वॉचमनला विसरू नका, त्याची केबिन बहुतेक ठिकाणी पत्र्याचीच असते. एकेकाकडे एकेक नाव द्या आणि दिवसातून दोनदा बघायचं ठरवा, दुपारी चारला आणि रात्री नऊला. फोनवर "बरं आहे ना?" विचारलं की म्हातारी माणसं "बरं आहे" म्हणतात, ते मरतानाही म्हणतील. मी विचारतो, "काकू, माठात पाणी कुठवर आहे?" सकाळी काठोकाठ होता आणि चारला तेवढाच असेल तर जिना चढायचा. बोलण्यात अडखळ, एकच वाक्य दोनदा, उगाच चिडचिड, हे ऐकू आलं तरी चढायचं.

दारावर येणारे कुरिअरवाले, कचरा उचलणाऱ्या ताई, नाक्यावरून आणलेले मजूर, यांच्यासाठी खाली माठ आणि ओगराळं ठेवा. आमच्या गल्लीत एकानं पाणपोईला फ्लेक्स लावला, स्वतःचा फोटो माठापेक्षा मोठा. असू दे, पाणी गार होतं.

माणूस बरळत असेल, झटके येत असतील, शुद्ध हरपली असेल आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात. तिथे मिनिटं मोजायची असतात. एकशे आठला फोन, सावलीत आडवं करणं, कपडे सैल, अंगभर पाणी आणि जोरात वारा. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जातो. तापाची गोळी देऊ नका, हा ताप तिला जुमानत नाही. गाडी यायची वाट बघत हात बांधून उभे राहू नका, गाडी येईपर्यंत गार करत राहा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग दाटतात, हवा ओलसर होते, आणि कूलर अचानक निकामी झाल्यासारखा वाटतो. त्या चार-पाच दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन येतात. काहीही बिघडलेलं नसतं. पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. पाऊस लागला की टाकी पूर्ण उपसा, फडक्यानं कोरडी पुसा, पॅड काढून टाका. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो. मोसम चालू असतानाही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायचीच. मग कूलरवर जुनी चादर टाकून तो माळ्यावर ठेवा, आणि कृपा करून मला फोन करू नका. मृग लागला की मी चार दिवस नुसता झोपतो.